नमस्कार, बाळकृष्ण

दिवाळीच्या आधी शाळेच्या प्रदर्शनात ऐन वेळी माइक बंद पडला नसता, तर संहिता फणसे अजूनही अकरावी ‘ब’च्या शेवटच्या बाकावर खिडकीला चिकटून बसलेली असती. पण माइक बंद पडला. समोर दोनशे माणसं, हातात लॅपटॉप, आणि पोटातून असा काही आवाज निघाला की मागच्या दाराशी उभे असलेले शिपाईकाकासुद्धा ताठ झाले. “वेबसाइट म्हणजे घर!” ती ओरडली. “पाहुण्याला बैठकीची खोली दिसते, घरच्याला स्वयंपाकघरसुद्धा!” टाळ्या पडल्या, पहिलं बक्षीस मिळालं, आणि त्या दिवसापासून या मुलीचं तोंड जे उघडलं ते मिटायचं नावच घेईना. आई म्हणायची, “अगं, मधे श्वास तरी घे.” शेजारी बसणारी पलक म्हणायची, “यार, तू गप्प होतीस तेव्हा माझा अभ्यास तरी होत होता.”

बक्षिसाची बातमी इंदूरमधल्या राजेंद्र नगरच्या दोन गल्ल्या ओलांडून बाळकृष्ण पवळ्यांच्या घरी गेली आणि भाऊबीजेच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी संहिताला बोलावणं धाडलं.

ते काही तिचे सख्खे आजोबा नव्हेत, पण कॉलनीतली सगळी पोरं त्यांना आजोबाच म्हणायची. वीज मंडळात बत्तीस वर्षं नोकरी केलेला, बारीक अंगाचा, पहाटे साडेचारला उठून अंगण झाडणारा माणूस. नोकरी पोटासाठी केली, जीव मात्र फेट्यात. त्यांचे वडील दरबारातल्या मानकऱ्यांचे फेटे बांधायचे. नऊ मीटर कापड आणि एकही टाचणी नाही! हल्ली लग्नात बांधतात त्या फेट्यांत दहा-दहा टाचण्या खुपसलेल्या असतात. नवरदेवानं जोरात मान वळवली तर ‘आई गं’ म्हणतो. आजोबांचा फेटा नुसत्या वळणांवर उभा राहायचा. एकेका वळणाला ते पेच म्हणायचे. असे अकरा पेच, आणि बारावा, अखेरचा, जो बाकीच्या अकरांना कुलूप लावायचा.

“हे बघ बेटा,” आजोबा म्हणाले, “उन्मेष बंगलोरला बोलावतोय. तिकीटसुद्धा काढून बसलाय, चौदा मार्चचं. आता माझे गुडघेही बोलायला लागलेत, तर मी जाणार. मुलगा आहे, प्रेमानं म्हणतोय. पण जायच्या आधी हे कोणाला तरी देऊन जायचंय. जास्ती नको. एक माणूस. फक्त एक.”

“उन्मेषकाका नाही शिकले?”

“त्याला टाय बांधता येतो,” आजोबा म्हणाले आणि विषय संपवला.

संहितानं तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं की वेबसाइट बनवायची, व्हिडिओ टाकायचे, आणि एक काय घेऊन बसलात आजोबा, पन्नास येतील! दारात लाइन लागेल! आजोबांनी हात वर करून तिला थांबवलं.

“टाकू. पण सगळं सगळ्यांना नाही हां. माझे वडील पाहुण्याला समोर बसवायचे. समोरून सगळं उलटं दिसतं ना, मजा येते, शिकता येत नाही. शिकणाऱ्याला उजव्या हाताला, अगदी शेजारी. आणि अखेरचा पेच आला की पाहुण्याला म्हणायचे, चला, बाहेर चहा झालाय.”

“म्हणजे लॉग-इन!” संहिता उडालीच. “आजोबा, तुमच्या वडिलांनी लॉग-इन शोधून काढलं होतं!”

“काय काढलं होतं?”

मग तिनं श्वास न घेता समजावलं. जो नुसता बघायला येईल, त्याला समोरून काढलेले अकरा पेच दिसतील आणि खाली एक चौकट: ‘शिकायचंय? नाव, गाव, फोन नंबर लिहा.’ आजोबांनी त्या माणसाशी बोलून होकार दिला की त्याचं खातं उघडणार, आणि मग त्याला शेजारून काढलेले व्हिडिओ दिसणार, बाराव्या पेचासकट. त्याच्या पानावर वर लिहून येणार, ‘नमस्कार’ आणि पुढे त्याचं नाव. खालची चौकट तेव्हा गायब, कारण घरात येऊन बसलेल्याला कोण विचारतं, आपण कोण?

आजोबांनी हे सगळं डोळे मिटून ऐकलं. “बस्स,” ते म्हणाले. “वडिलांनाही हे पटलं असतं.”

पंधरा दिवसांत साइट उभी राहिली. व्हिडिओ संहितानं स्वतः काढले, स्टूलवर चढून, सोफ्यावर लोळून, एकदा तर आजोबांच्या खुर्चीखाली शिरून. पहिलं आणि एकुलतं एक खातं आजोबांचं. तेच तिच्या लॅपटॉपवर, तेच तिच्या फोनवर, कायमचं उघडं. दुसरं हवं कशाला? आजोबांनी टॅबलेटवर पान उघडलं तेव्हा वर मोठ्या अक्षरांत आलं, ‘नमस्कार, बाळकृष्ण’. आणि खाली, ‘आपले विद्यार्थी: ०’.

“नाव घेऊन बोलते हो ही!” आजोबा खूश. तक्रार एकच. “पण उघडायला किती वेळ लावते. माझा चहा उकळून, गाळून, पिऊन होतो.”

त्यावरही संहिताकडे इलाज होता. सेटिंगमध्ये एक बटण सापडलं. ते दाबलं की साइट दर वेळी नवं पान बनवत बसत नाही. पहाटे पाचला जुनं टाकून देते, त्यानंतर जो पहिला येईल त्याच्यासाठी ताजं पान बनवते, आणि दिवसभर तेच सगळ्यांना वाढते. आई नाही का सकाळी एकदाच भाजी टाकून ठेवत! बटण दाबलं, साइट सुसाट. “झालं!” संहिता म्हणाली आणि केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला पळाली.

त्यानंतर सुरू झालं वाट बघणं.

डिसेंबर गेला, जानेवारी गेला. आजोबा रोज अंगण झाडून झालं की पाचच्या ठोक्याला साइट उघडायचे. नमस्कार, बाळकृष्ण. आपले विद्यार्थी: शून्य. सुरुवातीला ते हसून सांगायचे, “आज पण भोपळा.” मग नुसतीच मान हलवायचे. संहितानं एकदा उत्साहाच्या भरात त्यांना मोजणीचा आकडा दाखवला, तीन महिन्यांत किती जण साइटवर आले ते. एकोणीसशे! तिला वाटलं होतं, आजोबांना बरं वाटेल.

“एकोणीसशे माणसं आली,” आजोबा सावकाश म्हणाले, “बसली, बघितलं, आणि एकालाही वाटलं नाही की आपण शिकावं.”

आणि तिच्या लक्षात आलं की शून्य माणसं आली असती तर ते जास्त सोपं होतं.

फेब्रुवारीच्या वीस तारखेला ती गेली तेव्हा आजोबांच्या पलंगावर कापडांच्या घड्या लागल्या होत्या. केशरी, जांभळी, कुसुंबी, जरीची, साधी. फोनवर उन्मेषकाका होते, स्पीकरवर. “बाबा, मी म्हणतच होतो. आता लोक तयार फेटा डोक्यावर ठेवतात, टोपीसारखा. इथे या, नातवंडांत रमा. कापडं तेवढी कोणाला तरी देऊन टाका.”

“देतोय,” आजोबा म्हणाले. “नाटक मंडळाला सांगितलंय. परवा येऊन घेऊन जातील. पडद्यासाठी बरी पडतील म्हणाले.”

पडद्यासाठी!

फोन ठेवून आजोबांनी तिच्याकडे बघितलं. “तुझी साइट नीट चालते ना गं?”

“एकदम फर्स्ट क्लास!” तिनं छातीवर हात ठेवून सांगितलं. “त्यात काही गडबड नाही, आजोबा. गॅरंटी.”

“मग माणसांनाच नको असेल,” आजोबा म्हणाले आणि कुसुंबी कापडाची घडी पुन्हा घालू लागले. ती आधीच नीट घातलेली होती.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पलकनं डबा बाजूला सरकवून फोन काढला. तिच्या भावाचं, अंकुरचं, एप्रिलमध्ये लग्न होतं आणि आईला बिनटाचणीचा फेटा दाखवायचा होता.

“ए संहिता, काय पत्ता होता तुझ्या साइटचा? हां, खुली.” मग ती फोनकडे बघत राहिली. “अगं, हा बाळकृष्ण कोण?”

“आजोबांचं नाव.”

“ते समजलं. पण मला का म्हणतेय, नमस्कार बाळकृष्ण? मी काय बाळकृष्ण दिसते?”

“तू आजोबांच्या खात्यातून बघत असशील.”

“मला काय पता त्यांचा पासवर्ड! मी तर आत्ता पहिल्यांदा उघडतेय, भिया.” पलक इंदुरी थाटात मैत्रिणींनाही भिया, म्हणजे भाऊच, म्हणायची.

संहितानं फोन तिच्या हातातून हिसकावला. पान तेच. नमस्कार, बाळकृष्ण. आपले विद्यार्थी: ०. खाली शेजारून काढलेले सगळे व्हिडिओ, एका ओळीत बारा. बारावासुद्धा. आणि ‘शिकायचंय?’ची चौकट? ती कुठेच नव्हती. तिनं पान खालपर्यंत सरकवलं, वर आणलं, पुन्हा खाली नेलं. नव्हती म्हणजे नव्हती.

आणि तिला एका दमात सगळं दिसलं. पहाटे पाचला साइट जुनं पान टाकून देते. नवं पान पहिल्या येणाऱ्यासाठी बनतं. आणि अख्ख्या इंदूरमध्ये पाचच्या ठोक्याला या साइटवर येणारं माणूस होतं एकच! साइट आजोबांना ओळखायची, त्यांच्या नावाचं, घरच्या माणसाचं पान बनवायची, आणि मग दिवसभर, जो येईल त्याला, कोणीही असो, तेच वाढायची. रोज. तीन महिने. एकोणीसशे माणसांना साइटनं बाळकृष्ण समजून आत घेतलं होतं, स्वयंपाकघरापर्यंत नेलं होतं, आणि बाळकृष्णाला कोण विचारणार, तुम्हाला शिकायचंय का म्हणून?

तिला हे कधी दिसलं नाही, कारण ती स्वतःसुद्धा रोज आजोबांच्याच नावानं आत जायची. आपलंच घर बाहेरून कसं दिसतं, हे बघायला ती एकदाही बाहेर गेली नव्हती.

“मोजणी बघ,” पलक म्हणाली. बाराव्या पेचाचा व्हिडिओ सहाशे अकरा वेळा बघितला गेला होता.

“मेले,” संहिता म्हणाली.

“काय मेले? चुपचाप ठीक करून टाक. सेटिंग बदल, चौकट परत आण. आजोबांना काय समजणारे?” पलकनं पराठ्याचा तुकडा तिच्यापुढे धरला. “सिरियसली. कोणाला कानोकान खबर लागणार नाही.”

आणि खरं सांगायचं तर संहिताच्या आतली ती जुनी मुलगी, शेवटच्या बाकावरची, लगेच उठून बसली. तिला हा बेत फार आवडला. गप्प राहा, नीट कर, कोणाला काही बोलू नको. पण आजोबांना वाटत होतं की एकोणीसशे माणसांना त्यांची कला नको होती. ते खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे जगात दोघींनाच माहीत होतं, त्यातली एक पराठा खात होती.

शाळा सुटल्यावर ती घरी न जाता थेट आजोबांकडे गेली. दप्तर पाठीवरच होतं. उभ्याउभ्या सांगितलं, पहिल्यापासून, बटण दाबल्यापासून. “चूक माझी. काल मी गॅरंटी दिली ती पण न बघता दिली. लोकांना चौकट दिसलीच नाही, आजोबा. त्यांना नको होतं असं नाही. त्यांना दारच दिसलं नाही.” मग एक श्वास. “आणि अखेरचा पेच सगळ्यांना दिसला. सहाशे अकरा वेळा.”

शेजारच्या घरातला मिक्सर सुरू झाला, बंद झाला.

“सहाशे,” ते म्हणाले.

“अकरा.”

“माझ्या वडिलांनी माझ्या सख्ख्या काकांनासुद्धा बाहेर चहाला पाठवलं होतं.”

संहितानं मान खाली घातली नाही. घालावीशी वाटत होती, पण नाही घातली. “मी आत्ता बारावा व्हिडिओ काढून टाकते. तुमच्यासमोर.”

आजोबा उठले. तिला वाटलं, आता दार दाखवतात. त्यांनी पलंगावरचं केशरी कापड उचललं, तिच्या हातात दिलं आणि स्वतः खुर्चीवर बसले, पाठ तिच्याकडे करून.

“तू तो व्हिडिओ किती वेळा बघितलास?”

“कापायला, जोडायला, आवाज बसवायला... दोनशे वेळा तरी.”

“बांध.”

“कोणाला?”

“मला. इथे अजून कोणी आहे का?”

तिनं बांधला. अकरा पेच तिला तोंडपाठ होते, आणि खोटं कशाला बोला, चांगले जमले. बारावा आला. शेवटचा पदर उजव्या कानामागून आत घ्यायचा, पीळ द्यायचा, दुसऱ्या पेचाखाली सरकवायचा. तिनं घेतला, दिला, सरकवला. व्हिडिओत दिसतं अगदी तसंच! हात बाजूला केले.

आजोबा शिंकले.

अख्खा फेटा एका बाजूनं सुटून त्यांच्या नाकावरून मांडीत आला. संहितानं तोंडावर हात ठेवला. आणि कापडाच्या ढिगाखालून आजोबांच्या हसण्याचा आवाज यायला लागला, आधी बारीक, मग इतका मोठा की खोकला लागला.

“दोनशे वेळा बघून!” ते म्हणाले. “अगं, पीळ देताना अंगठा कापडाच्या आत असतो. तो दाबायचा असतो, किती, ते अंगठ्यालाच समजतं. तुझ्या कॅमेऱ्याला दिसणार कुठून? मला तरी कुठे माहीत होतं!” त्यांनी डोळे पुसले. “चाळीस वर्षं मी लपवत बसलो, जे दाखवूनही दिसत नाही.”

“म्हणजे व्हिडिओ ठेवायचा?”

“सगळे ठेव. सगळ्यांना दाखव, समोरून, शेजारून, खालून, कुठून काढलेस ते. ती तुझी चौकट तेवढी वर घे, मोठी कर.” मग जरा विचार करून, “आणि लॉग-इन राहू दे. आत गेल्यावर माझा पत्ता दिसू दे. शेजारी बसायला मात्र माझ्या होकाराशिवाय कोणी येणार नाही.”

संहिता त्याच खुर्चीशी जमिनीवर बसली, दप्तरातून लॅपटॉप काढला. साठवून ठेवलेलं पान आता फक्त अनोळखी माणसाला. ज्याला साइट ओळखते, त्याच्यासाठी दर वेळी वेगळं, ताजं. मग तिनं आजोबांच्या खात्यातून बाहेर पडून, तीन महिन्यांत पहिल्यांदा, परक्या माणसासारखी साइट उघडली. ‘शिकायचंय?’ समोर, ठसठशीत. तरी तिनं पलकला फोन केलाच. “तुझ्या फोनवर बघ. आता तुला कोण म्हणून ओळखते?”

“कोणीच नाही. आता मी कोणीच नाही,” पलक म्हणाली. “बधाई हो.”

नाटक मंडळाला आजोबांनी कळवलं की कापडांसाठी आठवडाभर थांबा.

पहिला दिवस, शून्य. दुसरा दिवस, शून्य. संहिताची वार्षिक परीक्षा सुरू झाली होती आणि ती इंग्रजीच्या पेपरात निबंध लिहितानासुद्धा मनात मोजत होती, चौदा मार्चला किती दिवस उरले. तिसऱ्या दिवशी सकाळी पाच वाजून सात मिनिटांनी आजोबांचा फोन आला. एवढ्या पहाटे फोन म्हणजे आई घाबरून उठली.

“आली!” आजोबा ओरडत होते. “चिठ्ठी आली! वाचतो, ऐक!”

चिठ्ठी अशी होती: ‘मी प्रेमलता मोहिते, इंदूरजवळ बेटम्याला असते. माझं पार्लर आहे आणि लग्नसराईत मी वरातीचे फेटे बांधते. दोन महिने तुमची साइट रोज मला बाळकृष्ण म्हणत होती. खाली लिहून यायचं, आपले विद्यार्थी शून्य. मी फोनला ओरडून सांगायची, अरे मी आहे ना! पण लिहायला जागाच नव्हती. काल पहिल्यांदा तिनं मला बाळकृष्ण म्हटलं नाही. तुमचा बारावा पेच मला थोडा थोडा जमतो, पण का जमतो ते समजत नाही. मी येऊ का?’

रविवारी ती आली, हिरवा दुपट्टा तोंडाला गुंडाळून, स्कूटीवरून, धार रोडची धूळ अंगावर घेऊन. चाळिशीच्या आसपासची, दणकट मनगटांची बाई. आजोबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि चेहरा मुद्दाम कडक केला होता.

“टाचण्या आणल्यात?” त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला.

“पर्समध्ये आहेत, काका. पर्स स्कूटीच्या डिक्कीत ठेवून आलेय, म्हणजे हात तिकडे जाणार नाही.”

आजोबांच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण त्यांनी ते दाबलं. “एका सीझनला किती बांधता?”

“चारशे-पाचशे. पण मनापासून सांगू? त्यातला एकही मला आवडत नाही. उतरवला की टाचण्यांचा डबा भरतो आणि लोकांची डोकी दुखतात. तुमचा व्हिडिओ बघितला आणि वाटलं, अरे, हा तर आपला आपण उभाय.”

“डोकं पाहिजे,” आजोबा म्हणाले आणि दोघांनी एकदम संहिताकडे बघितलं.

संहिता स्टूलवर बसली. प्रेमलताताई भराभर बांधत होत्या, लग्नघरात रांग लागलेली असावी तशा. आजोबा लांब, समोर बसले होते, पाहुण्यासारखे. सातव्या पेचाला त्यांनी खुर्ची जरा पुढे घेतली. नवव्याला उठले. बाराव्या पेचाला ते प्रेमलताताईंच्या उजव्या खांद्याशी, अगदी शेजारी उभे होते, चष्मा कपाळावर, मान वाकडी.

“थांबा! हे काय करताय? अंगठा कुठाय?”

“अंगठ्यानं मला जमेना, काका. दोन महिने प्रयत्न केला. मग मी मधलं बोट घातलं.”

“मधलं बोट!” आजोबा म्हणाले, कोणीतरी त्यांच्यासमोर वरणात साखर घालावी तसे. “मधल्या बोटानं कधी कोणी बांधलाय?”

“मला काय माहीत, तुम्ही काय घातलंय ते दिसतच नव्हतं!”

पदर आत गेला. हात बाजूला झाले.

“मान हलव,” आजोबांनी हुकूम सोडला. “वरखाली. आता नाही म्हण. जोरात नाही म्हण! आता उडी मार.”

तिनं मारली. फेटा जागचा हलला नाही.

“आता धाव.”

“कुठे?”

“बाहेर, गल्लीत! नवरदेव काय स्टूलवर बसून लग्न करतो?”

आणि संहिता धावली. ढगळ्या टी-शर्टावर केशरी फेटा, पायांत हवाई चपला, भर रविवारी सकाळी. शेजारच्या उषामावशी दूध घेता घेता थांबल्या, “अगं, कोणाचं लग्न?” “माझं नाही!” ती ओरडली. पहिलं फाटक गेलं. दुसरं फाटक गेलं. वारा कानात भरला होता आणि डोक्यावर फेटा ताठ, जणू तिथेच उगवलेला. तिसऱ्या फाटकाशी उजव्या कानामागे काहीतरी सैल झालं, आणि चौथ्यापर्यंत जायच्या आत नऊ मीटर कापड तिच्या मागे झेंड्यासारखं उडत होतं.

ती कापड गोळा करत, धापा टाकत परत आली. दोघं फाटकात उभे होते. प्रेमलताताईंचा चेहरा पडला होता.

“तिसरं फाटक,” आजोबा म्हणाले.

“हो काका. सुटला.”

“माझा पहिला खोलीच्या दारापर्यंतसुद्धा टिकला नव्हता. वडील तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.” त्यांनी प्रेमलताताईंचं मधलं बोट हातात धरून उन्हात उलटसुलट करून बघितलं, सोनार दागिना बघतो तसं. “बोट चालेल. पीळ अर्धा कमी पडतोय, एवढंच. माझी गाडी चौदाला आहे. सोळा दिवस. रोज याल?”

“पार्लर अकराला उघडतं. त्याच्या आधी म्हणाल तेव्हा.”

“सहा वाजता.”

“येते.”

“आणि तू,” आजोबा संहिताकडे वळले, “उभी काय राहिलीस? डोकं लागेल. तू पण सहाला.”

“आजोबा, उद्या माझा फिजिक्सचा पेपर आहे!”

“पेपर दहाला असेल ना? सहाला डोकं रिकामंच असतं. घेऊन ये.”